दिसलं का काही?

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास कॅम्पचं दार करकरतं आणि माणूस आत येतो. भगवं जाकीट, भगवी टोपी, मिशीवर बर्फ. बंदूक रिकामी करून कोपऱ्यात उभी करतो, बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागतो. मी भांडं ढवळता ढवळता विचारतो, "दिसलं का काही?"

"दिसली ना. तीन."

"कुठे?"

"एक रस्त्याकडेच्या पिवळ्या पाटीवर. एक पेट्रोल पंपावरच्या कॅलेंडरात. आणि एक हिरवं होतं, त्याला चार चाकं होती."

तिसरं हरीण म्हणजे जॉन डिअरचा ट्रॅक्टर. पुण्याजवळ सणसवाडीला त्यांचा कारखाना आहे, तेव्हा आपल्या वाचकांना फोड करून सांगायला नको. हा विनोद मी गेली नऊ वर्षं ऐकतोय. कॅम्पमध्ये सहा माणसं, चार दिवसांचा मुक्काम, आणि रोज संध्याकाळी कोणी ना कोणी तो आपल्याला आत्ताच सुचल्यासारखा सांगतो. बाकीचे पाच जण मांड्या थोपटून हसतात. हरीण दिसलं असतं तर इतकं हसले नसते.

जागा पेनसिल्व्हेनिया राज्याच्या उत्तरेकडची, पॉटर काउंटी. तिथल्या मंडळींनी तिला 'देवाचा मुलूख' असं नाव लावून घेतलंय. तिथे गोल्ड नावाच्या गावाजवळ एक उंचवटा आहे. त्याच्यावर पडलेला पाऊस तीन दिशांना वाहतो: काही पाणी चेसापीक उपसागराला मिळतं, काही मेक्सिकोच्या आखाताला, काही थेट सेंट लॉरेन्सच्या आखाताला. आमच्या कॅम्पचं मत असं, की हरणंही त्याच उंचवट्यावरून तीन दिशांना गेली.

आता मी तिथे कसा? माझं गाव कुडाळजवळचं. पोटापाण्यासाठी अठरा वर्षं हॅरिसबर्गच्या बाहेर एका वसाहतीत राहतो, संगणकाचं काम करतो. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या गृहस्थांनी कुंपणावरून मालवणी मसाल्याचा वास घेतला आणि विचारलं, "हे हरणाच्या मांसाला लावलं तर चालेल का?" मी म्हटलं, "हे चपलेला लावलं तरी चालेल." त्या वर्षापासून मी कॅम्पचा आचारी आहे. बंदूक नाही, परवाना नाही. हरीण मारण्याची अपेक्षा नसलेला कॅम्पमधला एकमेव माणूस मी, म्हणजे ठरवलेलं काम पार पाडणाराही मीच.

मंडळींची खरी नावं सांगत नाही. मनात मी त्यांना केव्हाच गावची नावं देऊन टाकली आहेत. शेजारी ते अण्णा, वय चौऱ्याहत्तर, आयुष्यभर शाळेची बस चालवली. बापू प्लंबर. तात्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्या कानाने हवं तेवढंच येतं. दोन शेतकरी भाऊ आहेत, थोरला आणि धाकटा; बांधावरून त्यांचं बिनसलंय, त्यामुळे "त्याला मीठ पुढे सरकवायला सांग" असं ते माझ्यामार्फत बोलतात. तेव्हा मला अगदी घरी आल्यासारखं वाटतं. सहावा बाळ. बाळ अठ्ठावन्न वर्षांचा आहे, पण त्याच्यापेक्षा लहान कोणी आलंच नाही, तेव्हा लाकडं फोडायचं काम अजून त्याच्याकडेच. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' लागतो, पण माझ्या मनात अण्णा 'अहो' आहेत आणि बाकीचे 'अरे'.

कॅम्प म्हणजे तंबू नव्हे. हेमलॉकच्या झाडीत लाकडी खोपटं, सात खाटा, एक लोखंडी शेगडी, आणि चाळीस पावलांवर संडास. एका भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेल्या चिंध्या दिसतात, तो या कॅम्पचा इतिहास आहे. हरणावर बार काढून ज्याचा नेम चुकतो, त्याच्या सदऱ्याचं मागचं शेपूट त्या रात्री कात्रीने कापायचं, त्यावर नाव-तारीख लिहायची आणि भिंतीला ठोकायचं, अशी इथल्या शिकारी कॅम्पांची जुनी रीत आहे. सर्वात जुनी चिंधी अण्णांच्या वडिलांची. बापूच्या अकरा आहेत. अलीकडे नवी चिंधी लागलेली नाही, कारण नेम चुकायलाही समोर काहीतरी यावं लागतं.

चिंध्यांच्या शेजारी वर्तमानपत्राची पिवळी पडलेली कात्रणं असायची. ती पंतांची.

पंत म्हणजे आमच्याकडच्या वर्तमानपत्रात दर रविवारी रान-शिकार-मासेमारीवर रकाना लिहिणारे गृहस्थ. कॅम्पमध्ये त्यांना जे नाव आहे ते छापण्याजोगं नाही, म्हणून पंत. रकान्यावर त्यांचा फोटो: पिसाची टोपी, तोंडात पाइप, नजर दूर डोंगराकडे. फोटोत वय पंचेचाळीस, आणि गेली पंचवीस वर्षं पंचेचाळीसच. या माणसाचा रकाना माझे सहाही मित्र अक्षरन् अक्षर वाचत, आणि वाचून झाला की रागाने लाल होत. अण्णा वर्षभराचे सगळे रविवार जपून ठेवत आणि गठ्ठा बांधून कॅम्पवर आणत. चार दिवस त्याचं सामुदायिक वाचन चाले, मग शेगडी पेटवायला. पंतांचा कागद चटकन पेटतो, बापू म्हणे, आत वाराच भरपूर.

पंतांचा गुन्हा काय? एक असता तर सांगितला असता.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या राज्यातलं हरीण जवळजवळ संपलं होतं. रानं तोडली, मांस बाजारात विकलं, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. १८९५ साली शिकारीवर देखरेख करणारं सरकारी खातं निघालं, गेम कमिशन. १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून इथे सोडली गेली आणि १९०७ मध्ये कायदा आला, की फक्त शिंगवाला नर मारायचा. मादीला हात लावायचा नाही. पुढे अधूनमधून माद्यांचेही हंगाम झाले, पण आजोबांनी बापाला आणि बापाने पोराला जे शिकवलं ते हेच. हरणं वाढली, इतकी वाढली की जमिनीतून वर आलेलं प्रत्येक कोवळं रोप खाऊन टाकायला लागली आणि म्हाताऱ्या झाडांखाली नवं रान उगवेना. मग खातंच म्हणायला लागलं, की माद्या मारा, भरपूर मारा. ज्या आजीने जन्मभर श्रावण पाळायला लावला तिनेच एका सोमवारी मटणाचं ताट पुढे करावं, तसं झालं. लोक खवळले. पंतांनी लिहिलं, आजीचं बरोबर आहे.

त्यात २००२ साल आलं. तेव्हापासून नरही वाटेल तो मारायचा नाही. त्याच्या शिंगाला एका बाजूला किमान तीन टोकं हवीत, पश्चिमेकडच्या भागात तर तेव्हा चार हवी होती. टोक म्हणजे किमान एक इंच लांब. विचार करा: पहाटेचा अंधुक उजेड, मध्ये झुडुपं, दोनशे फुटांवर हरीण, आणि मोजायचा एक इंच. सोनाराकडे तोडा तपासणारी आत्याही इतकं निरखत नाही. हा नियम आणणारे गॅरी आल्ट मुळात अस्वलांचे अभ्यासक. राज्यभर गावोगाव सभा घेऊन ते लोकांना समजावत फिरले. काही सभांना म्हणे बुलेटप्रूफ जाकीट घालून जायचे. २००४ मध्ये त्यांनी ते काम सोडलं. आल्ट गेले, पण पंत राहिले, त्यामुळे त्यांच्या वाटणीचा रागही पंतांच्या खात्यावर जमा झाला.

मग शनिवार. रायफलीचा हंगाम पिढ्यान्पिढ्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा. त्या सोमवारी कित्येक शाळांना सुट्टी असे, कारण शाळा उघडली तरी मुलं नसत, मास्तर नसत, आणि आमच्याकडे बस चालवायला अण्णा नसत. शनिवारी-रविवारी कॅम्पवर यायचं, लाकडं फोडायची, पत्ते कुटायचे, यिंगलिंग प्यायची (ही पॉट्सव्हिलची बिअर, १८२९ पासूनची, या राज्यात नुसतं 'लागर' म्हटलं तरी हीच पुढे येते), आणि सोमवारी पहाटे रानात. २०१९ मध्ये खात्याने सुरुवात शनिवारवर आणली, नोकरदारांना आणि पोरांना सोयीची म्हणून. अण्णांच्या दृष्टीने हे म्हणजे गणपती अलीकडच्या शनिवारी बसवण्यासारखं आहे. पंतांनी स्वागताचा लेख लिहिला. तो मी पाहिला आहे, त्यावर कॉफीचा डाग आहे आणि तो डाग अपघाताने पडलेला वाटत नाही.

माद्यांच्या परवान्याचं तर विचारूच नका. त्यासाठी अर्ज गुलाबी पाकिटात घालून काउंटीच्या खजिनदाराकडे टपालाने पाठवायचा, ही इथली परंपरा. कपाटात पाकिटं जपून ठेवायची, जुलैत टपालपेटीसमोर उभं राहायचं. २०२३ पासून तो परवाना ऑनलाइन मिळतो. पंतांना हेही आवडलं. "या माणसाला गुलाबी रंगाचंसुद्धा वावडं आहे," असं थोरला धाकट्याकडे न बघता म्हणाला.

पण हे सगळे वरवरचे गुन्हे. खरा गुन्हा वेगळाच. पंतांनी एकदा लिहिलं, की उत्तरेकडे हरणं आहेत, कमी झालेत ते शिकाऱ्यांचे पाय. गाडीच्या टपावरून दिसेल तेवढंच रान ते रान समजतात. हे वाक्य कॅम्पमध्ये सर्वांना पाठ आहे. ते खोटं असतं तर केव्हाच विसरले असते.

म्हणून हरणं का नाहीत, याची दुसरी कारणं शोधावी लागतात, आणि ती शोधण्यात आमच्या कॅम्पचा हात कोणी धरणार नाही. तात्या सांगतो, की गेम कमिशननेच कोयोटी आणून सोडले. विमा कंपन्यांनी पैसे दिले, गाड्यांना हरणं धडकून फार भरपाई द्यावी लागते म्हणून. बाळचं म्हणणं, हेलिकॉप्टरमधून विषारी खुळखुळे साप टाकले. सापांचा हरणाशी काय संबंध, असं मी विचारलं तर म्हणाला, "संबंध नसता तर हेलिकॉप्टर कशाला आणलं असतं?" या कथा राज्यभर फिरतात आणि खातं वर्षानुवर्षं त्या खोट्या असल्याचं सांगतं. त्याने त्या आणखी पक्क्या होतात.

मला हे ऐकून इतका आनंद झाला की तवा हातातून सुटला. आमच्या गावातही हेच! काजूच्या बागेत माकडं शिरली की गावात बातमी येते: वनखात्याने रात्री ट्रक भरून आणून सोडली. बिबट्या दिसला, ट्रक आला होता. साप निघाला, तोही ट्रकातूनच. ट्रक प्रत्येकाच्या मेव्हण्याने पाहिलेला असतो आणि नंबर कोणीच घेतलेला नसतो. मी हे कॅम्पमध्ये सांगितलं तेव्हा सहाही जण गंभीर झाले. तात्या म्हणाला, "म्हणजे तिकडेही विमा कंपन्या आहेत तर."

माझ्या काकांची ठासणीची बंदूक अजून घरात आहे, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. काकांच्या पारधीच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालो. हाके कसे घातले, डुक्कर कुठल्या पाणंदीतून फुटलं, बार कसा बसला, वाटे कसे पडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि काका कायदा मानणारे, तेव्हा या सगळ्या पारधी १९७२ च्या आधीच्या. काकांचा जन्म १९६६ चा. सहा वर्षांचे होईपर्यंत त्यांनी एकोणीस डुकरं मारली होती. आता संध्याकाळी पारावर कोणी त्यांना विचारतं, "काय गावला काय?" तेव्हा काका म्हणतात, "पायाक काटे गावले." जॉन डिअरचा विनोद तो हाच, फक्त तिथे बर्फ पडत नाही.

अण्णांना ठासणीच्या बंदुकीचं मोठं कौतुक. कारण नाताळनंतर इथेही एक खास हंगाम असतो, त्यात चकमकीचा दगड घासून ठिणगी पाडणारीच बंदूक चालते. अडीचशे वर्षांपूर्वीची तऱ्हा. पाऊस आला की दारू भिजते, दगड ठिणगी देत नाही, आणि माणूस हरणाकडे व हरीण माणसाकडे बघत राहतं. बापू त्या हंगामाला 'दोन्ही पक्षांची सुट्टी' म्हणतो.

एका वर्षी अण्णा म्हणाले, "नुसता स्वयंपाक काय करतोस, ये माझ्याबरोबर." मीही भगवं चढवलं. शिकाऱ्याच्या डोक्या-छाती-पाठीवर मिळून अडीचशे चौरस इंच भगवं दिसलं पाहिजे असा कायदा आहे. बायको फोटो बघून म्हणाली, वारीला निघालास की मठात? उणे नऊ तापमान. पहाटे पाचला आम्ही माचाणावर चढलो. कॅम्पपासून किती दूर? मी पावलं मोजली: दोनशे दहा. शेगडीचा धूर दिसत होता. पंतांचं वाक्य मला आठवलं, पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही, आणि थंडीने ते उघडतही नव्हतं.

अण्णांच्या मांडीवर त्यांची पंप रायफल. या राज्यात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, म्हणून हाताने दांडा मागेपुढे ओढून भराभर बार काढता येणारी ही बंदूक सर्वांची लाडकी. तिला 'अमिश मशीनगन' म्हणतात. अमिश म्हणजे इथले घोडागाडीतून फिरणारे, वीज आणि मोटारीपासून लांब राहणारे शेतकरी. त्यांनी मशीनगन बनवली असती तर ती हातानेच चालवावी लागली असती, असा हिशेब.

सातच्या सुमारास पाचोळ्यात आवाज आला. खर्र, खर्र, खर्र. काहीतरी अजस्र चालून येत होतं. अण्णांनी सेफ्टीवर अंगठा ठेवला. मी श्वास रोखला. झाडाआडून खार आली. पुढच्या दोन तासांत असे अकरा अजस्र प्राणी आले, सगळ्या खारी. सुकलेल्या पाचोळ्यात खार चालली की हत्ती वाटते, आणि हरीण आलं तर काही वाटतच नाही. ते नुसतं असतं. बघता बघता समोरच्या नेच्यांमध्ये एक राखाडी रेघ होती, तिला कान फुटले, मग डोळा, मग नाकपुडीतून वाफ. नर. मान वळवली तशी शिंगं दिसली.

अण्णांची बंदूक खांद्याला लागली. ओठ हलायला लागले. "एक... दोन..." मग थांबले. "तुझे डोळे तरुण आहेत. तिसरं टोक आहे की फांदी आहे?"

मी दुर्बीण लावली. "भुवईपाशी एक छोटं आहे."

"इंचभर?"

"पाऊण म्हणा."

"भुवईचं धरतात का?"

"तुम्हीच सांगितलंत ना, पश्चिमेला धरत नाहीत, इकडे धरतात."

"मग इकडे पाऊण इंच धरतात का?"

हरीण आमच्याकडे बघत होतं. त्याने पुढचा पाय एकदा जमिनीवर आपटला. शाळेत मास्तर छडी आपटायचे तसा. मग शेपूट वर केलं, खालचा पांढराशुभ्र भाग रुमालासारखा हलवला आणि तीन उड्यांत दिसेनासं झालं. अण्णांनी बंदूक खाली घेतली, थर्मासचं झाकण उघडलं, दोन घोट कॉफी घेतली आणि शांतपणे म्हणाले, "पंतांनी घालवलं."

यातली गंमत अशी, की हरणं नाहीत हे मुळात खरंच नाही. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात सुमारे ४ लाख ३० हजार हरणं मारली गेली. आमच्या कॅम्पच्या वाट्याला त्यातलं दीड आलं. एक धाकट्याने मारलं. अर्धं तात्याच्या पिकअपला परतीच्या वाटेवर धडकलं. इथे खात्याला कळवून नंबर घेतला की असं मांस घरी नेता येतं, पण पुढचा अर्धा भाग नेण्याजोगा राहिला नव्हता. बाकीची हरणं कुठे आहेत ते मी सांगू शकतो. ती माझ्या परसात आहेत. शहरांभोवतीच्या वसाहतींत बंदूक चालवता येत नाही, खायला मात्र फुकटचे बगिचे, तेव्हा शहाणी हरणं तिथे राहतात. मी लावलेला वाल त्यांनी खाल्ला, टोमॅटो खाल्ले, बायकोचे गुलाब कळ्यांसकट खाल्ले. कारली तेवढी ठेवली. दरवर्षी मी मसाल्याचा डबा गाडीत टाकतो तेव्हा आमच्या गवतावर चार-पाच हरणं उभी असतात आणि अण्णा त्यांच्यासमोरून बंदुकीची पेटी घेऊन, साडेतीन तास गाडी हाकत, हरणं नसलेल्या जागी जायला निघतात. बायको दारातून म्हणते, "यांना तरी सांगून जा, कधी परत येणार ते." हरणं मान वर करून बघतात. निरोप द्यायला आल्यासारखी.

पंत भेटले ते पाच वर्षांपूर्वी. हंगामात तिथल्या गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शिकाऱ्यांसाठी नाश्ता असतो. बंब बाहेर काढतात, आत टेबलं मांडतात. पॅनकेक, अंडी आणि स्क्रॅपल. स्क्रॅपल म्हणजे डुकराचं उरलंसुरलं मांस मक्याच्या पिठात शिजवून थापायचं, मग वड्या कापून तळायच्या. कोथिंबीरवडीची पद्धत, पुढे साम्य संपतं. आम्ही सात जण रांगेत होतो, तेवढ्यात बापूने माझ्या बरगडीत कोपर मारलं. कोपऱ्यातल्या टेबलावर एक टक्कल पडलेला म्हातारा एकटाच बसला होता. टोपी नाही, पाइप नाही, चश्म्याची काडी चिकटपट्टीने बांधलेली. पण नाक फोटोतलंच.

गेली पंचवीस वर्षं हे सहा जण या माणसाला भेटल्यावर काय काय सुनावणार याची तालीम करत होते. मी स्वतः नऊ वेगवेगळ्या आवृत्त्या ऐकल्या आहेत, त्यातल्या दोनांत खुर्ची फेकलेली होती. बापू ताट घेऊन सरळ त्यांच्या टेबलाशी गेला. आम्ही मागोमाग. हॉलमधले काटे-चमचे थांबल्यासारखे मला वाटले. बापू उभा राहिला, खाकरला आणि म्हणाला, "दिसलं का काही?"

पंतांनी वर पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "चार वर्षं झाली."

"गुडघे?" तात्याने विचारलं.

"दोन्ही."

मग सगळे बसले. अर्धा तास गुडघ्यांवर चर्चा झाली. कोणी शिंगं काढली नाहीत, शनिवार काढला नाही. अण्णांनी त्यांना सिरपची बाटली दोनदा पुढे केली. उठताना पंतांनी सर्वांशी हात मिळवले, मला विचारलं, तू यांच्यात काय करतोस. मी सांगितलं, स्वयंपाक. कॅम्पवर परतताना गाडीत कोणी बोललं नाही. शेवटी थोरला म्हणाला, "माणूस इतका वाईट नाही." आणि धाकट्याने त्याला थेट उत्तर दिलं, "हो." बांधावरून बिनसल्यानंतरचं हे त्यांचं पहिलं संभाषण.

पुढच्या रविवारी रकाना आला. पंतांनी लिहिलं होतं: नाश्त्याला सहा शिकारी भेटले, त्यांना हरणं दिसत नाहीत म्हणे, त्यांच्या ताटांकडे पाहिल्यावर कारण कळलं. कॅम्पमध्ये त्यांचा आचारी तेवढा सडपातळ आहे.

अण्णांनी मला फोनवर हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज थरथरत होता. मला तो रागाचा वाटला. पण पुढच्या हंगामात ते कात्रण चौकटीत बसवून आणलं होतं, आणि ते चिंध्यांच्या भिंतीवर सोडून संडासात, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर लावलं. तिथे माणूस निवांत वाचतो. चार दिवसांत प्रत्येकाने ते इतक्यांदा वाचलं की शिव्याही सुधारत गेल्या.

दोन वर्षांपूर्वी वर्तमानपत्राने रकाना बंद केला. खर्च कमी करायचा म्हणे. पान तेच आहे, पंतांच्या जागी आता कानात घालायच्या यंत्राची जाहिरात येते, तात्याने ती कापून ठेवलीय. त्या नोव्हेंबरात अण्णा गठ्ठ्याशिवाय आले. पहिल्या रात्री शेगडी पेटायला अर्धा तास लागला. कोपऱ्यातून बापूने विचारलं, "मग हरणं का नाहीत?" आणि कोणालाच काही सुचेना. कोयोटींवर पाचेक मिनिटं निघाली. हेलिकॉप्टर काढलं, ते उडेना. राज्यात १९८२ साली सुमारे १३ लाख शिकारी परवाने होते, आता चारेक लाखांनी कमी झालेत, असं मी कुठेसं वाचलेलं सांगितलं, तर सगळे खाटांकडे बघायला लागले. मीच वेडा. रात्री साडेआठला दिवे गेले. मी यायला लागल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या रात्री संपादकांना पत्र लिहायचं ठरलं. लिहिणारा मी, कारण कॅम्पमध्ये अक्षर माझंच लागतं. मजकुरावरून दोन वाजेपर्यंत भांडण झालं. तात्याला सुरुवात "हा माणूस मूर्ख आहे, तरी" अशी हवी होती. थोरल्याला "तरी" नको होतं. शेवटी ठरलं ते असं: आम्ही खाली सह्या करणारे पंचवीस वर्षं या लेखकाच्या प्रत्येक मताशी असहमत आहोत, आणि ही सोय पुन्हा सुरू व्हावी. सात सह्या. माझीही घेतली.

पत्र छापून आलं, दोन वाक्यं कापून. रकाना काही सुरू झाला नाही. तीन आठवड्यांनी अण्णांच्या पत्त्यावर एक गुलाबी पाकीट आलं. आता कोणाला लागत नाही ते जुनं गुलाबी पाकीट. आत पंतांच्या हातचं पत्र. आभार वगैरे काही नाही. आमच्या पत्रात दोन चुका आहेत एवढंच: २००२ च्या नियमात पश्चिमेकडे चार टोकं होती हे आम्ही लिहायला विसरलो, आणि रकाना पंचवीस नव्हे, एकतीस वर्षं चालला. तळाशी एक ओळ: पुढच्या वेळी रस्त्यापासून थोडं लांब जा.

पुढच्या हंगामात कॅम्पवर अण्णांनी ते मोठ्याने वाचलं. सगळे गप्प. मग बापू म्हणाला, "सुधारला नाही मेला." त्या रात्री साडेबारापर्यंत दिवे होते.

पत्र आता संडासात आहे, जुन्या चौकटीच्या खाली, दुसऱ्या खिळ्याला.